जिम्नॅशियम म्हणजे तालीम नव्हे

आमच्या कोल्हापुरात कॉलेज कसं निवडतात, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पुण्याची माणसं कटऑफ बघतात, प्लेसमेंट बघतात. आम्ही आधी टीम बघतो. गोलला कोण उभा राहतो, गेल्या मोसमात फायनलला कुणाला धूळ चारली, कॉलेजला स्वतःचं मैदान आहे की उसनं. मी बी.कॉम. कुठून केलं असं कुणी विचारलं, तर मी लेफ्ट बॅक होतो हे आधी सांगतो, मग कॉलेजचं नाव. आता माझी छोटी फाउंड्री आहे, गुडघे गेलेत, पण सवय गेलेली नाही.

परगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा आखाडा नव्हे. प्रत्येक पेठेची तालीम असते, तालमीची फुटबॉलची टीम असते, आणि दोन तालमींमध्ये जे काही असतं त्याला आम्ही ईर्षा म्हणतो. हा शब्द आमच्याकडे वाईट नाही. ईर्षा नसेल तर मॅच बघायला माणूस कशाला येईल?

माझी मुलगी सई गोलकीपर आहे. तालमीच्या टीममध्ये मुली नसतात, त्यामुळे मुलीला खेळायचं तर शाळा, नाहीतर कॉलेज. बारावीनंतर तिला पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजात फिजिक्सला प्रवेश मिळाला होता. तिथे मुलींची टीम नव्हती. तिनं तो प्रवेश सोडला आणि कोल्हापुरातच राहिली. ही गोष्ट मी लग्नात, बारशात, साखरपुड्यात सांगत आलोय. "पोरीनं फुटबॉलसाठी पुणं सोडलं!" लोक वा वा करत. सई अशा वेळी ताटातल्या जिलबीकडे बघत बसायची.

आता तिला एम.एस्सी.साठी जर्मनीतून तीन होकार आले. हॅम्बर्ग, हॅनोव्हर आणि येना. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. नेमकं त्याच सुमारास हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनाला मला जायचं होतं, आणि तिथे माझा मेहुणा प्रशांत गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. मी सईला म्हटलं, तूही चल, टीम बघितल्याशिवाय कॉलेज ठरवायचं नाही. फुटबॉलच्या देशात विद्यापीठांच्या टीमा कसल्या असतील, या विचारानं मला निघायच्या आधी दोन रात्री नीट झोप लागली नाही. सईच्या आईनं कांदा-लसूण चटणीचे दोन डबे बांधून दिले आणि वजन करून बॅगा बंद केल्या.

हॅम्बर्ग

हॅम्बर्गला उतरलो तेव्हा पाऊस पडत होता आणि निघालो तेव्हाही पडत होता. तिथली माणसं छत्री न घेता अशी चालतात की आपल्यालाच आपल्या छत्रीची लाज वाटावी. बंदरात बोटी आहेत आणि त्या बसच्याच तिकिटावर चालतात. नोकरीला निघालेली माणसं बोटीत उभी राहून पेपर वाचत होती. आमच्याकडे रंकाळ्यात बोटीत बसायचं म्हणजे सुट्टीचा दिवस लागतो.

पहिला धक्का एका पाटीनं दिला. शहरात एका मोठ्या इमारतीवर 'होखशुले' असं लिहिलं होतं, आणि त्याचा अर्थ मी फोनमध्ये अक्षर अक्षर लावून काढला. हायस्कूल! मी रस्त्यातच थांबलो.

"सई, ही माणसं तुला हायस्कुलात घालणार काय?"

"बाबा, होखशुले म्हणजे कॉलेज, विद्यापीठ. शब्द तसा दिसतो फक्त."

"मग तसं लिहायचं ना!"

विद्यापीठात आम्हाला फिरवायला योनास नावाचा एक उंच विद्यार्थी आला होता. ग्रंथालय झालं, प्रयोगशाळा झाली, खानावळ झाली. मी वाट बघत होतो. शेवटी न राहवून विचारलं, "तुमचं स्टेडियम कुठे आहे?" त्यानं उत्साहानं एस-बान, म्हणजे तिथली लोकल, कुठे बदलायची ते सांगायला सुरुवात केली. ते शहरातल्या व्यावसायिक क्लबचं स्टेडियम होतं. मी म्हटलं, ते नव्हे, विद्यापीठाचं. विद्यापीठाच्या टीमचं.

योनासनं माझ्याकडे पाहिलं, सईकडे पाहिलं आणि मलाच विचारलं, "आमच्या विद्यापीठाला टीम आहे?"

तिथेच शिकतो हा पोरगा. संध्याकाळभर मला दुसरं काही सुचलं नाही. आमच्याकडे कॉलेजच्या पाणक्याला सुद्धा बारा वर्षांपूर्वीचा पेनल्टी शूटआउट पाठ असतो.

हॅनोव्हर

प्रशांत स्टेशनवर घ्यायला आला होता. गाडीत बसल्या बसल्या मी त्याला योनासची गोष्ट सांगितली. तो हसला.

"दाजी, मी फोनवरच बोललो होतो की. इथे फुटबॉलचा आणि युनिव्हर्सिटीचा काही संबंध नसतो."

"तू इंजिनिअर माणूस, तुला त्यातलं काय कळतंय? हॅम्बर्ग बंदराचं गाव आहे, बोटी चालवतात ते. इथं असेल."

"जा जा, बघा तुम्ही," प्रशांत म्हणाला. त्याचं हे 'जा जा' ऐकून मला पहिले दोन दिवस वाटत होतं की हा मला घालवून देतोय. जर्मनमध्ये ते 'हो हो' असतं हे मग कळलं.

प्रदर्शनाबद्दल इथे लिहीत नाही. ओतकामात रस नसलेल्यांना ते वाचवणार नाही. तिसऱ्या दिवशी मी सईबरोबर विद्यापीठात गेलो. इमारत खरोखरीचा राजवाडा आहे, दारात पाय उचललेल्या मोठ्या घोड्याचा पुतळा. मनात म्हटलं, अशा वाड्याला टीम नसेल असं होणारच नाही. आत माहिती देणाऱ्या बाई फार गोड होत्या. खेळ म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. योग आहे, होड्या आहेत, भिंत चढणं आहे, आणि फुटबॉलसुद्धा आहे. बुधवारी संध्याकाळी.

"टीममध्ये निवड कशी करता?"

"निवड? जे येतात ते खेळतात."

"मुलींची टीम?"

"सगळे एकत्रच. खूप मजा येते."

"आणि हरलात तर?"

बाईंना प्रश्न कळला नाही. मग म्हणाल्या, "घरी जातात."

मी शेवटचा प्रश्न टाकला. म्हटलं, तुमची ईर्षा कुणाशी आहे? इंग्रजीत समजावून सांगितलं, कुठल्या विद्यापीठाला हरवल्यावर तुम्हाला सर्वांत जास्त आनंद होतो? बाईंनी खरंच विचार केला. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनाही विचारलं. दोघांची चर्चा झाली आणि उत्तर आलं, की शेजारच्या इमारतीतल्या लोकांशी सायकली लावण्यावरून थोडं आहे. सईनं माझा शर्ट धरून मला बाहेर काढलं.

त्या रात्री जेवायला प्रशांतची बायको कीर्तीनं श्पार्गेल केलं होतं. श्पार्गेल म्हणजे पांढऱ्या रंगाची, बोटभर जाडीची, उकडलेली काडी. वर वितळलेलं लोणी, बाजूला उकडलेला बटाटा. पानात सगळं पांढरं. पांढरं म्हटल्यावर माझ्या तोंडाला रश्श्याची आठवण आली होती, ती लगेच पुसली गेली.

"अहो दाजी, याची इथे लोक वर्षभर वाट बघतात," कीर्ती म्हणाली.

"कशासाठी?" असं माझ्या तोंडून निघून गेलं. चटणी काढा म्हटलं. सईनं बॅगेतून डबा आणला. एकच.

"दोन दिले होते आईनं."

"एकच बसला," सई म्हणाली आणि बटाटा सोलायला लागली. तो बटाटा आधीच सोललेला होता.

रात्री सईच्या आईचा फोन आला. टीम मिळाली का, हे तिनं विचारलं नाही, चटणी पुरतेय का हे विचारलं. मी दोन्हीला मिळून एकच उत्तर दिलं, नाही. झोपताना मात्र मला खरी काळजी लागली. तिसरी जागा येना. तिथेही नसेल तर ही पोरगी ग्लोव्हज खुंटीला टांगणार. एकविसाव्या वर्षी. मी चाळिशीला आलो तरी खेळत होतो.

येना

येनाला जाणारी गाडी मोहरीसारख्या पिवळ्याधमक शेतांमधून जाते. गाव दरीत आहे, दोन्ही बाजूंना पांढरट कड्यांचे डोंगर, मधून झाले नावाची नदी. भिंगं आणि दुर्बिणी बनवणाऱ्यांचं हे गाव. चष्मा असलेला माणूस इथे उगाचच स्वतःला महत्त्वाचा समजायला लागतो. स्टेशनवर केतकी आली होती. सांगलीची मुलगी, इथे पीएच.डी. करते, सईची इंटरनेटवरची ओळख.

सकाळी केतकी सईला लॅब दाखवायला घेऊन गेली. तिच्या बोलण्यात मधेच जर्मन शब्द यायचे. मला म्हणाली, "काका, तुम्ही आल्झो... म्हणजे तुम्ही जरा गाव बघा, अकराला भेटू." मी नदीच्या बाजूनं चालत निघालो. एका वळणावर जुनी दगडी इमारत होती, बाजूला मातीचं मैदान, मैदानावर गोलपोस्ट. आणि दारावरच्या पाटीत शब्द होता, जिम्नॅशियम.

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? लहानपणी आमच्या तालमीच्या दारावर मराठीत तालीम आणि खाली इंग्रजीत जिम्नॅशियम असंच रंगवलेलं होतं. मला इतका आनंद झाला की मी चपला दाराबाहेर काढल्या. तालमीत कुणी चपला घालून जातं का? पायमोज्यांवर आत गेलो. आखाड्याचा वास येईल म्हणून नाक वर केलं, तर फरशी पुसल्याचा वास आला. जिन्यावर बारा-तेरा वर्षांच्या पोरांची रांग होती. सगळ्यांच्या पाठीवर दप्तरं. मला वाटलं, व्वा, सकाळचा क्लास सुटलाय.

समोरून ट्रॅकसूट घातलेल्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. मी नमस्कार केला आणि माझ्या इंग्रजीत सरळ मुद्द्याला हात घातला, "मी इंडियाहून आलोय. तुमच्या मुली बघायला."

हे वाक्य मराठीत म्हटलं तर निदान चहा-पोहे मिळतात. त्या बाईंचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी माझ्या पायमोज्यांकडे पाहिलं, मग मागे वळून पोरांना काहीतरी मोठ्यानं सांगितलं, आणि सगळी रांग दोन सेकंदांत वर्गात गेली. मला एका ऑफिसात नेऊन खुर्चीवर बसवलं. दारात एक धिप्पाड गृहस्थ येऊन उभे राहिले. ते माझ्याशी बोलत नव्हते आणि दारातून हलतही नव्हते. परदेशात मुलीचं ॲडमिशन बघायला आलेला बाप कोठडीत, ही बातमी पेठेत किती वेळात पोचेल याचा मी हिशेब करायला लागलो.

मी फोन लावून दिला आणि केतकी त्या बाईंशी जर्मनमध्ये बोलली. बाई ऐकत होत्या. मधेच त्यांनी ओठ घट्ट मिटले, मग दारातल्या गृहस्थांना काहीतरी सांगितलं, आणि ते एवढे मोठे गृहस्थ भिंतीला टेकून हसायला लागले. फोन माझ्याकडे आला.

"काका, जर्मनीत ग्युम्नाझिउम म्हणजे शाळा हो! पाचवी ते बारावी. हुशार पोरांची."

"तालीम नाही?"

"लॅटिन शिकवतात तिथे!"

जिम्नॅशियममध्ये लॅटिन, हायस्कूलचं विद्यापीठ. या भाषेनं माझ्यावर डूख धरला आहे अशी माझी खात्री झाली. पण त्या बाई, त्यांचं नाव आंके, त्या शाळेत खेळ शिकवत होत्या. त्यांनी माझ्या चपला स्वतः आणून दिल्या आणि इंग्रजीत सांगितलं, "फुटबॉल शाळेत नसतो, विद्यापीठातही नसतो. तो फेराइनमध्ये असतो. आज संध्याकाळी आमचा सराव आहे. मुलीला घेऊन या."

फेराइन म्हणजे काय, ते केतकीनं नंतर सांगितलं. "काका, वस्तीचा क्लब. प्रत्येक वस्तीचा असतो. आपल्या पेठेची तालीमच समजा."

"आणि त्यात मुली?"

"गेनाऊ," केतकी म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर.

संध्याकाळी गेलो. मैदान नदीकाठी, वर कडा, कड्यावर शेवटचं ऊन. मला वाटलं होतं पंधरा-वीस कॉलेजच्या मुली असतील. कॉलेजच्या होत्या दोन. बाकी एक नर्स, एक बसची ड्रायव्हर, आमच्या आंकेबाई स्वतः. एकीचा नवरा कडेला बाबागाडी ढकलत उभा होता आणि ती राइट बॅकला खेळत होती. आणि गोलमध्ये, मी डोळे चोळले, गोलमध्ये पांढऱ्या वेणीची बिर्गिट नावाची बाई होती. आमच्याकडे या वयाच्या बायका मॅचला येतात त्या नातवाला जेवायला बोलवायला.

बाहेर आलेल्या आंकेबाईंना मी विचारलं, "हिला खेळणं थांबव असं कुणी सांगितलं नाही?"

त्यांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मी पुन्हा विचारला.

"कोण सांगणार?" त्या म्हणाल्या.

दिवसभरातल्या सगळ्या धक्क्यांत हा मोठा होता. मी उत्तर शोधत राहिलो. नवरा, सासू, तालमीची कमिटी, पेठेतली माणसं, मी. आमच्याकडे सांगणाऱ्यांची काही कमी नाही. पण त्या बाईंना खरोखरच कुणाचं नाव सुचत नव्हतं.

तेवढ्यात बिर्गिट गोलमधून बाहेर आली आणि सईला हातानं बोलावलं. सईनं पाठीवरची सॅक उघडली. आतून बूट निघाले, शिनगार्ड निघाले, आणि तिचे ते पिवळे ग्लोव्हज. चटणीचा दुसरा डबा कुठे गेला ते मला कळलं.

पहिला गोल तिनं पायांमधून खाल्ला. मी मान फिरवली. दुसरा बॉल नर्सनं खालच्या कोपऱ्यात मारला आणि सईनं डावीकडे झेप घेऊन बोटांच्या टोकांनी बाहेर ढकलला. मला राहवलं नाही. "नाद खुळा गं पोरी!" असा मी जो आवाज टाकला तो कड्यावर आपटून परत आला. बाबागाडीतलं बाळ दचकून रडायला लागलं, एक कुत्रं भुंकायला लागलं, आणि नदीपलीकडच्या सायकलवाल्यानं ब्रेक मारला. बाळाच्या बापाची मी मराठीत माफी मागितली. बिर्गिटनं सईच्या खांद्यावर एक थाप मारली. बस, एवढंच. हार नाही, गुलाल नाही, कुणी उचलून घेतलं नाही.

सराव संपल्यावर सगळ्यांनी मिळून गोलपोस्ट उचलून कडेला नेले. सईच्या हातात कुणीतरी बॉलची जाळी दिली आणि सई ती घेऊन चालायला लागली. पाहुणी म्हणून तिला कुणी बसवलं नाही, ते मला आधी खटकलं. मग तिचा चेहरा पाहिला. मागे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी निखाऱ्यावर लांबलचक सॉसेज भाजले होते, पावाच्या दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर येणारे. मोहरीची चटणी लावून खाल्ले. चांगले होते. आमच्या चटणीशी तुलना करणार नाही, पण श्पार्गेलपेक्षा कितीतरी चांगले.

हॉटेलकडे चालत परतत होतो. सईच्या ढोपराला माती लागलेली.

"बाबा, ठरलं माझं. येना."

"मला माहीत होतं!" मी म्हणालो. "टीम बघूनच ठरवलंस की नाही? शेवटी कोल्हापूरची पोरगी."

"नाही. लॅब बघून ठरवलं. सकाळीच."

"मग हे सगळं?"

"फेराइन तिन्हीकडे आहे. प्रशांतमामाच्या घरामागे पण आहे, मी बघून आले. कुठेही गेले असते तरी खेळले असते." तिनं ढोपराची माती झटकली. "कॉलेज निवडताना टीम बघायला लागली नाही मला. पहिल्यांदाच."

मला ते 'पहिल्यांदाच' टोचलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "आणि पुणं?"

"पुण्याला जायचं होतं मला, बाबा," ती म्हणाली. रागानं नाही, एखाद्याला पत्ता सांगावा तसं. "पण अजून तीन वर्षं खेळायचंही होतं. दोन्ही मिळत नव्हतं."

माझ्या डोळ्यांपुढे सगळी लग्नं, सगळी बारशी आणि ताटातली ती जिलबी उभी राहिली. मी इतकी वर्षं जी गोष्ट छाती फुगवून सांगत होतो, ती तिच्या बाजूनं अशी होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सईनं माझा हात धरला. बॉल अडवून अडवून तिचे तळवे माझ्यासारखेच राठ झालेत.

घरी

परत आलो त्या संध्याकाळी सवयीनं तालमीच्या कट्ट्यावर गेलो. आमचे अध्यक्ष बंडूअण्णा, दोन जुने खेळाडू आणि चहावाला, सगळे वाट बघत बसले होते. माझा चहा आधीच सांगून ठेवलेला होता.

"या आप्पा! मग, कुठल्या कॉलेजची टीम भारी निघाली?"

"कॉलेजला टीमच नाही तिथं."

"आं?" बंडूअण्णांचा ग्लास हातातच राहिला. "मग पोरगी खेळणार कुठं?"

"पेठेत," मी म्हणालो.

बंडूअण्णांनी वळून तालमीच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. येनाच्या शाळेत त्या बाईंनी माझ्या पायमोज्यांकडे पाहिलं होतं, अगदी तसं.

"आपल्या?" कुणीतरी हळूच विचारलं.

मला खुलासा करता आला असता. मी चहाचा घोट घेतला आणि बंडूअण्णा काय बोलतात याची वाट बघत बसलो.